राजाच्या डोक्याचा जांभळा रंग

राजा छत्रमल्लाला केस जांभळे हवे होते, आणि राजाचे केस पांढरे आहेत असं म्हणायला राज्यात बंदी होती!

बंदी जुनी, हट्ट नवा. शेजारच्या राजाकडे जांभळ्या तुऱ्याचा पक्षी आलाय, हे ऐकल्यापासून या राजाला चैन पडेना. पक्ष्याला शोभतं ते मला का शोभू नये? उत्तरं देणारी माणसं त्या दरबारात टिकतच नसत.

भिवा रंगाऱ्याला बोलावणं गेलं. सारा जन्म लोकर रंगवण्यात गेलेला साधा माणूस. त्यानं राजाचं डोकं लोकरीच्या गुंड्यासारखं निरखलं आणि खूश होऊन म्हणाला, "वा महाराज! पांढरेशुभ्र आहेत. रंग झकास धरणार!"

दुपारी भिवा तुरुंगात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची लेक हौसा दरबारात आली. हौसा मुलखाची भित्री. भालदार ओरडला की दचके, पडदा हलला की दचके. पण घाबरली की तिची जीभ मात्र जास्तच चुरूचुरू चाले.

"महाराज, माझ्या बाबांना सोडा."

"सोडतो की! आज संध्याकाळच्या आत माझे केस जांभळे कर. पण बापाच्या तोंडून निघाला तो शब्द तुझ्या तोंडून निघाला, तर तूही आत! सांग, कसे आहेत माझे केस?"

हौसानं वर पाहिलं. पिंजून ठेवलेला कापूस!

"भरघोस आहेत, महाराज."

"काळे आहेत!" प्रधान फणींद्रपंत गरजले. हौसा टुणकन उडाली. "काळेभोर! माझ्यासारखे! छे, माझ्याहून काळे!"

पंतांचं डोकं बाहेरून खरंच काळंभोर होतं. आतून कसं होतं, ते साऱ्या राज्याला ठाऊक होतं.

हौसानं पिशवीतून रंगवलेल्या लोकरीचे गोंडे काढले. "आधी छटा ठरवू. वांग्याची, कोकमाची की जांभळाची?"

राजा एकेक गोंडा गालाला लावून आरशात बघत बसला. पंत प्रत्येक गोंड्याला सारखीच मान डोलावत होते. शेवटी हौसाच कंटाळली. "वांग्यानं चेहरा आजारी दिसेल, महाराज. कोकमानं चिडलेला दिसेल. जांभूळ घ्या. उतरतानाही शोभेल."

"उतरताना? म्हणजे उतरणार?"

"कढत पाण्यानं न्हालात तर लगेच! गार पाणी घ्या, सारखं न्हाऊ नका, उन्हात मिरवू नका. उशीला जांभळाच अभ्रा घाला, म्हणजे डाग दिसणार नाहीत. आणि मुळं वाढली की पुन्हा हात फिरवायला लागेल."

"तो कोण फिरवणार?"

"बाबा! एवढ्या मोठ्या डोक्याला रोज रोज हात लावायची मला नाही हिंमत."

राजानं मिशीतल्या मिशीत हूं केलं.

हौसानं रंग कालवला. "आता आधी एक बट रंगवून बघायची. रंग बाधला तर टाळकं सुजतं."

राजानं झटकन डोकं मागे घेतलं. "मग दुसऱ्या कुणाची बट घे!"

"चालेल. केस मात्र हुबेहूब महाराजांसारखे हवेत."

सगळा दरबार पंतांकडे वळला.

"म्हणजे, तसे अगदी हुबेहूब..." पंत चाचरले.

"माझ्यासारखे, असं आत्ताच म्हणालात ना?" राजा कडाडला. "की खोटं बोललात? बट कशाला, पोरी, सगळं डोकं रंगव याचं!"

पंतांचा भरजरी अंगरखा उतरला, खांद्यावर जुनेरं आलं. कपाळाला नि कानांना डाग पडू नये म्हणून हौसानं एरंडेल चोपडलं. मग मुळांपासून टोकांपर्यंत रंग थापून वर केळीचं पान बांधलं. राज्याचा प्रधान अळूवडीसारखा दिसू लागला! बऱ्याच वेळानं डोकं धुतलं.

काळं ते काळंच! जांभळ्याचा मागमूस नाही.

"लबाडी!" पंत आनंदानं किंचाळले. "हा रंगच नव्हे! टाका हिला बापाशेजारी!"

हौसा दोन पावलं मागे सरली. "टाळकं तर सुजलं नाही ना? मग आता महाराजांनी बसावं. रंग याच भांड्यातला."

राजा बसला. तेच जुनेरं, तेच एरंडेल, केळीचं पानही तेच. दिवस कलायला लागला तेव्हा गार पाण्यानं डोकं धुतलं, आणि दरबाराचा श्वास अडकला. पिकल्या जांभळासारखं राजाचं डोकं लखलखत होतं!

राजा आरसा सोडीना. पंतांचं तोंड कडू झालं. मग त्यांचे डोळे चमकले.

"ए पोरी! रंग एक, भांडं एक. माझ्या केसांना लागला नाही आणि महाराजांच्या केसांना लागला. का? सांग! मोठ्यानं सांग!"

शिपाई एक पाऊल पुढे सरकला. हौसा दचकली, आणि तिची जीभ सुटली.

"महाराज, याचं उत्तर काल स्वतःच्या पायांनी दरबारात आलं होतं. तुम्ही त्याला कोंडलंत! ते अजून तुरुंगात बसलंय. सोडा, म्हणजे येऊन सांगेल!"

राजानं एकदा पंतांच्या काळ्या डोक्याकडे पाहिलं, एकदा आरशात पाहिलं. आधी त्याची मिशी हलली, मग पोट हललं, मग सिंहासन!

"सोडा रे त्या उत्तराला!" राजा हसता हसता ओरडला. "आजपासून भिवा माझा राजरंगारी! आणि पोरी, तुला काय देऊ?"

"पांढऱ्याला पांढरं म्हणायची मुभा, महाराज."

"दिली! भर दरबारात, कधीही, कुणालाही!"

हौसानं पदर सावरला, जाता जाता थबकली आणि वाकून बघत म्हणाली, "प्रधानजी, दाढीत एक पांढरा दिसतोय हं!"

या वेळी पंत दचकले.