अर्जुनाचा भोज्या

एका जंगलात एक प्रौढ हरिणी राहत असे, आणि ती पाडसांची शाळा चालवत असे. जंगलात शाळा कशी, असं विचारू नका. जिथे पोरं आणि धोका एकत्र नांदतात, तिथे कोणीतरी शाळा काढतंच. शाळेत विषय एकच होता, जीव कसा वाचवावा. धडाही एकच होता, आणि तो हरिणीबाई रोज सकाळी म्हणवून घेत : "इशारा ऐकू आला की आधी थांबा. वारा हुंगा. कान फिरवा. धोका कुठून येतोय ते ओळखा. मग त्याच्या उलट दिशेला पळा."

धडा खरा होता. बाई तो फार मोठी किंमत देऊन शिकल्या होत्या. मागच्या उन्हाळ्यात गवत वाळून गेलं, लपायला आडोसा उरला नाही, आणि बिबट्याने कळपातली तीन पाडसं नेली. त्यातलं एक बाईंचं होतं. ते बाईंच्या डोळ्यांदेखत धोक्याच्याच दिशेने धावत सुटलं होतं. त्या दिवसापासून बाईंनी मनाशी एकच गोष्ट धरली होती : या वर्षीची सातही पाडसं उन्हाळ्यापार न्यायची.

आता खरं ते सांगायला हवं. बाईंचा धडा जितका खरा होता, तितकंच त्यांचं शिकवणं कंटाळवाणं होतं. "वारा हुंगा" हे वाक्य पाडसांनी इतक्या वेळा म्हटलं होतं की म्हणताना ती गवत चघळत असत. एक उभ्याउभ्या डुलक्या घेई. एक फुलपाखरामागे निघून जाई. सातांपैकी चार आली तरी बाई शाळा भरली असं समजत.

शाळेच्या वरच्या बेहड्याच्या झाडावर एक वानर बसत असे. वानराच्या ओरडण्यावर हरणं सावध होतात, ही जंगलातली जुनी रीत, त्यामुळे त्याला कळपात मान होता. हे वानर मनाने चांगलं होतं. फक्त त्याला रोज नवी कल्पना सुचत असे, आणि ती दुपारपर्यंत अमलात आली नाही तर त्याला चैन पडत नसे.

"बाई," ते एकदा फांदीवरून खाली वाकून म्हणालं, "राग मानू नका, पण तुमचं शिकवणं कोरडं आहे. पोरांना खेळ हवा."

"भाऊ, बिबट्या काही खेळायला येत नाही," बाई म्हणाल्या.

"म्हणून तर तो यायच्या आधी खेळून घ्यायचं! सगळं माझ्यावर सोपवा. उद्यापासून एकही पाडस गैरहजर राहिलं तर माझं शेपूट कापा."

दुसऱ्या दिवशी वानराने खेळ मांडला. नाल्याकाठी अर्जुनाचं मोठं झाड होतं. त्याचा गुळगुळीत पांढरा बुंधा लांबूनही दिसे. तो ठरला भोज्या. तुम्ही लपंडाव खेळला असाल, तर भोज्या म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. त्याला शिवलं की ज्याच्यावर राज्य आहे तो आपल्याला धरू शकत नाही. वानर बेहड्यावरून "खॉक खॉक" असा इशारा देणार, पाडसं धावत जाऊन भोज्याला शिवणार, आणि जे पहिलं शिवेल त्याला बक्षीस म्हणून शिरीषाची एक वाळकी शेंग मिळणार. रोज असे पाच-सहा डाव व्हायचे. शेंगा गुळवेलीच्या दोरात ओवून गळ्यात बांधायच्या. चालताना त्या खुळखुळत. पाच शेंगा झाल्या की पाडस 'चपळ' होई आणि दहा झाल्या की 'महाचपळ'.

शाळेत चैतन्य आलं. सातही पाडसं सूर्य उगवायच्या आत हजर राहू लागली. डुलक्या घेणारं पाडस झोपेतही पाय झाडू लागलं. त्यांच्या आयांनाही शेंगांचा नाद लागला. "आमचा महाचपळ झाला बरं का, तुमचा कितीवर आलाय?" असं पाणवठ्यावर ऐकू येऊ लागलं. कानावर पांढरा ठिपका असलेल्या एका पाडसाच्या गळ्यात तर इतक्या शेंगा झाल्या, की ते येताना आधी शेंगा ऐकू येत आणि मागून ते दिसे. त्याची आई मान ताठ करून चालू लागली.

धड्याचं काय झालं, तेही सांगतो. पहिल्या दिवशी एका पाडसाने इशारा ऐकून, बाईंनी शिकवल्याप्रमाणे, थांबून वारा हुंगला. ते शेवटचं आलं आणि सगळे त्याला हसले. दुसऱ्या दिवशी त्याने वारा हुंगला नाही. तिसऱ्या दिवसापासून कोणीच कान फिरवले नाहीत, कारण कान फिरवायला वेळ लागतो आणि शेंग पहिल्या येणाऱ्याला होती. इशारा झाला की डोळे मिटून अर्जुनाकडे पळायचं, एवढाच धडा उरला.

बाईंच्या हे लक्षात आलं. त्या वानराला म्हणाल्या, "भाऊ, पोरं हुंगायची विसरली."

"आधी गोडी तर लागू द्या, बाई. बाकीचं मागाहून शिकवू," वानर म्हणालं.

बाई गप्प बसल्या. त्यांनी गप्प बसायला नको होतं. पण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच शाळेत सातच्या सात माना वर होत्या, आणि भरलेली शाळा कोणत्या शिक्षकाला आवडत नाही?

समोरच्या टेकडीवर एक बिबट्या राहत होता. वय झालेलं, मागचा पाय जरा दुखरा, त्यामुळे पाठलाग त्याला झेपत नसे. तो कातळावर पडून रोज सकाळी ही गंमत पाही. वानर ओरडलं, पाडसं पळाली, अर्जुनापाशी थांबली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच घडलं. तिसऱ्या दिवशीही तेच. त्याला कोणी शेंग देत नव्हतं, तरी तो एकही दिवस चुकला नाही. आठव्या दिवशी त्याच्या मनात आलं, 'जे आपणहून चालत येतं, त्याच्यामागे धावायचं कशाला?'

नवव्या दिवशी उजाडायच्या आधीच तो अर्जुनावर चढला आणि बुंध्याच्या बेचक्यात, पानांआड, अंग चोरून बसला.

सकाळी नेहमीप्रमाणे वानराने बेहड्यावर बसून अंग खाजवलं, आळस दिला आणि इशारा केला, "खॉक खॉक!" पाडसं सुटली. शेंगांचा खुळखुळाट झाला. ठिपकेवालं पाडस आज पुन्हा पहिलं आलं आणि त्याने बुंध्याला नाक टेकवलं. बाकीचीही येऊन भिडली. नाल्यावरून येणारा वारा झाडाला वळसा घालून पाडसांच्या नाकांवरून गेला, आणि त्यात बिबट्याचा उग्र वास होता. पण वास ओळखणाऱ्याला शेंग मिळत नव्हती, म्हणून तो कोणी घेतला नाही.

तोच वारा पुढे बाईंपर्यंत पोहोचला. त्यांच्या पाठीवरचे केस उभे राहिले. त्यांनी खूर आपटला आणि जीव खाऊन इशारा दिला. मागच्या उन्हाळ्यानंतर त्या इतक्या मोठ्याने कधी ओरडल्या नव्हत्या.

आणि तिथेच घात झाला. इशारा म्हणजे काय, तर भोज्याला शिवा! पाडसं पळायच्या ऐवजी बुंध्याला आणखी चिकटली. दोन मागे होती, तीही पुढे घुसली. "माझं नाक लागलंय!" "तुझं नाही, माझं आधी लागलं!"

"झाडापासून पळा!" बाई ओरडल्या.

"आम्ही शिवलोय, बाई!" पाडसं आनंदाने ओरडली.

वर पानं हलली. बाईंना पिवळ्या कातड्यावरचे काळे ठिपके दिसले. डोळ्यांपुढे मागच्या उन्हाळ्यातलं आपलं पाडस आलं, तसंच चुकीच्या दिशेला धावणारं. आपली भाषा आता या पोरांना कळत नाही, हे त्यांना त्या एका क्षणात कळलं. मग त्यांनी पोरांच्या भाषेत आरोळी ठोकली :

"भोज्या बदलला! भोज्या पलीकडचा काळा खडक! पहिल्याला तीन शेंगा!"

तीन शेंगा म्हटल्यावर कोण थांबतं? सहा पाडसं फुटाण्यासारखी उडाली आणि नाला ओलांडून काळ्या खडकाकडे धावली. बिबट्याने उडी घेतली तेव्हा खाली एकच पाडस उरलं होतं. ते होतं ठिपकेवालं. ते हललंच नव्हतं, कारण त्याच्या मते हा डाव त्याने केव्हाच जिंकला होता.

समोर बिबट्याला पाहून ते चिडून म्हणालं, "रडीचा डाव! मी शिवलोय ना! भोज्याला शिवलेल्याला धरायचं नसतं!"

बिबट्याने पुष्कळ हरणं खाल्ली होती, पण त्याच्याशी हुज्जत घालणारं आजवर एकही भेटलं नव्हतं. तो क्षणभर गोंधळला. तेवढ्यात बाई येऊन पाडसाला अंगाने धडकल्या. पाडस कोलमडलं, बिबट्याचा पंजा मानेवर पडायचा तो शेंगांच्या माळेत अडकला, गुळवेल तटकन तुटली, आणि पाडस उठून बाईंच्या मागे नाल्यात शिरलं. बिबट्या दोन ढांगा धावला आणि दुखऱ्या पायामुळे थांबला. नखांत अडकलेली माळ त्याला काही केल्या सुटेना. तो तसाच खुळखुळ करत टेकडी चढून गेला. त्या दिवशी त्याला साधा ससाही मिळाला नाही, कारण तो येतोय हे सगळ्या जंगलाला ऐकू येत होतं.

काळ्या खडकापाशी सातही पाडसं मोजून झाल्यावर बाई मटकन खाली बसल्या. त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. पाडसं पहिल्यांदाच बाईंना रडताना पाहत होती.

ठिपकेवालं पाडस पुढे आलं. त्याच्या मानेवर वेलीचा लाल वळ उठला होता. "बाई," ते हळूच म्हणालं, "माझ्या शेंगा गेल्या."

"योग्य ठिकाणी गेल्या," बाई म्हणाल्या. "आठ दिवस मन लावून जो शिकला, त्यालाच मिळाल्या."

पाडसाने मान खाली घातली. बेहड्यावरून उतरून आलेलं वानर त्याच्याहून खाली मान घालून उभं होतं. हातातल्या उरलेल्या शेंगा त्याने नाल्यात टाकल्या. "चुकलं माझं, बाई," ते म्हणालं. "उद्यापासून खेळ बंद. तुमचा धडाच बरा."

कळपातल्या जाणत्या हरणांनाही तेच वाटत होतं. पण बाई म्हणाल्या, "नाही भाऊ. माझ्या धड्याला पोरं झोपत होती, हेही खरंच आहे. आज ती वाचली ती खेळाच्याच भाषेने. खेळ राहू दे, भोज्या तेवढा काढून टाक."

अर्जुनाच्या सालीत बिबट्याचे थोडे केस अडकले होते. वानराने ते जपून काढून आणले. नवा खेळ असा ठरला : वानर ते केस घेऊन रोज नव्या जागी लपणार. वारा हुंगून ज्याला पहिल्यांदा पत्ता लागेल, त्याने खूर आपटून सगळ्यांना सावध करायचं, आणि मग सगळ्यांनी वासाच्या उलट दिशेला पळायचं. एकटं पळून गेलेलं पाडस बाद. जे सगळ्यांना सावध करेल, त्याला पुढच्या डावात केस घेऊन लपायला मिळणार. शेंग नाही, माळ नाही, महाचपळही नाही.

पहिले दोन दिवस पाडसं नाराज होती. "मग जिंकलं कोण?" असं ती सारखी विचारत. तिसऱ्या दिवशी विचारायची विसरली, कारण बिबट्या होऊन लपण्यात भलतीच मजा होती. आयांना मात्र पाणवठ्यावर बोलायला विषय उरला नाही.

चैत्र सरला. गवत वाळून भुईसपाट झालं. एके दिवशी भर दुपारी पाडसं पाणवठ्यावर उतरत असताना ठिपकेवालं पाडस एकदम थांबलं. वानर त्या वेळी पलीकडे उंबरं खात होतं, त्याने इशारा केलेला नव्हता. पाडसाने नाक वर केलं. कान फिरवले. मग करवंदीच्या जाळीकडे तोंड करून त्याने खूर आपटला, एकदा, दोनदा. सातही पाडसं उलट दिशेला नाहीशी झाली, आणि जाळीतून म्हातारा बिबट्या उपाशीपोटी बाहेर आला.

दूर माळावर पोहोचल्यावर पाडसं धापा टाकत उभी राहिली. बाईंनी त्यांना मोजलं. सात भरली. या वेळी कोणीही विचारलं नाही की पहिला कोण आला.

तात्पर्य : खेळातून जरूर शिकवावं, पण बक्षीस कशाला देतो आहोत ते आधी नीट पाहावं, कारण शिकणारा नेमकं तेवढंच शिकतो.