रिकामी पेटी

"…मग मला कुणी सांगितलं का नाही, स्वामी?"

चन्नवीर हत्तुरे मठाच्या ओसरीवर उभा होता. घामानं सदरा अंगाला चिकटला होता. त्याच्या भाड्याच्या इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराचं छत आदल्या दिवशी कोसळलं होतं. तुळजाराम नावाचा भाडेकरू त्याखाली सापडला. जीव वाचला, पण खांदा मोडला.

गुरुपाद स्वामी ऐकत होते.

"सांगायची सोय नव्हती असं नाही. जिन्याखाली तक्रारपेटी लावलीय. भिंतीवर माझा फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहिलाय. पेटीत कधी एक चिठ्ठी पडली नाही, स्वामी. मी तर अभिमानानं सांगायचो, माझ्या इमारतीत कुणाची तक्रार नाही म्हणून."

"चल," स्वामी म्हणाले आणि पायात खडावा घालून निघालेसुद्धा.

तुळजारामची बायको अंबूबाई न्हाणीघरातला ढिगारा घमेल्यात भरत होती. मालक आणि स्वामी आलेले पाहून शेजारणींनी धावत दोन खुर्च्या आणल्या.

स्वामी खुर्चीत बसले नाहीत. ते अंबूबाईजवळ, त्या ढिगाऱ्यातच बसले.

चन्नवीरला बसवेना, उभंही राहवेना.

"बाई," स्वामींनी विचारलं, "छत पडणार, हे माहीत होतं?"

अंबूबाईनं मालकाकडे पाहिलं. मग खाली.

"हो."

चन्नवीर दचकला. "माहीत होतं?"

"पोपडे पडत होते. गेल्या पावसाळ्यापासून सळ्या दिसत होत्या. आंघोळीला मधोमध बसायचं नाही, कोपऱ्यात बसायचं, असं आम्ही घरात ठरवलंच होतं. काल ह्यांनी साबण घ्यायला म्हणून जरा पुढं…"

तिनं घमेलं जवळ ओढलं.

चन्नवीरनं दारात जमलेल्या बायकांकडे पाहिलं. "तुम्हालाही माहीत होतं?"

कुणी मान वर केली नाही.

सगळ्या मजल्याला ठाऊक होतं. माणसं मरण चुकवत कोपऱ्यात अंघोळ करत होती… आणि तो खाली येऊन रिकामी पेटी पाहून खूश होऊन जात होता.

"अहो, पण मग सांगायचं ना मला!"

"नरसम्मानं सांगितलं होतं, मालक," अंबूबाई हळूच म्हणाली.

"कोण नरसम्मा?"

सगळ्या बायकांनी एकदम त्याच्याकडे पाहिलं.

"आमच्या आधी ह्याच खोलीत होती. जिना हलतो म्हणाली तुम्हाला. तुम्ही म्हणालात, हलत असेल तर दुसरीकडे बघ. महिन्याभरात तिचं सामान खाली गेलं. आम्ही राहायला आलो, त्याच दिवशी शेजारणींनी सांगितलं… इथं काही बोलायचं नसतं."

चन्नवीर मटकन खाली बसला.

"मला आठवतसुद्धा नाही, स्वामी… सहज बोललो असेन."

स्वामींनी एक वीट उचलून घमेल्यात टाकली.

बऱ्याच वेळानं चन्नवीरनं अंबूबाईला विचारलं, "ती आता कुठं असते?"

विडी कारखान्याच्या मागं, पत्र्याच्या खोलीत. तो तसाच गेला. नरसम्मानं त्याला दारातच उभं ठेवलं. तो बोलत राहिला, ती विडीची पानं कापत राहिली.

शेवटी म्हणाली, "राहायला येणार नाही. बोलायला येते."

ती आली. जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी राहिली. सगळी दारं किलकिली झाली.

"जिना अजून हलतो," ती मोठ्यानं म्हणाली.



चन्नवीरनं हात जोडले. "हलतो, बाई. उद्या गवंडी येईल."

गवंडी आला. जिना झाला. न्हाणीघराचं छत झालं. मालकानं पेटी स्वतःच्या हातानं उचकटून काढली आणि रोज सकाळी जिन्यावर येऊन बसू लागला. पहिले काही दिवस बायका पदर सावरून बाजूनं निघून जायच्या. कुणाचं सामान खाली जाताना दिसलं नाही, तेव्हा एकजण थांबली. दिव्याच्या बटणाला शॉक बसतो म्हणाली. मग दुसरी थांबली…

काही आठवड्यांनी चन्नवीर मठात आला. डोळे तारवटलेले, सदऱ्याला सिमेंट.

"स्वामी, मी हबकून गेलोय. गटार तुंबतं, टाकीला झाकण नाही, भिंतीला ओल… तुळजाराम गळ्यात हात बांधून घरी आला, तर त्यानंही दाराची चौकट फुगलीय म्हणून सांगितलं. माणसं रस्त्यात थांबवून सांगतात. एक मिटवली की दोन येतात. ह्या तक्रारी संपतच नाहीत हो!"

स्वामींनी त्याच्याकडे पाहिलं…

"संपल्या, की धावत माझ्याकडे ये."