मौलाना काय म्हणाले?

गावात एक सर्वधर्म संवाद मंडळ होतं आणि निवृत्त शिक्षक पास्कल डाबरे त्याचे चिटणीस होते. मंडळाचा नियम एकच: बोलायला उठणाऱ्याने आधीच्या वक्त्याचं म्हणणं, तो स्वतः मान्य करेल इतकं नेमकं सांगायचं, मगच आपलं सुरू करायचं. या नियमापायी आजवर एकही चर्चा पुरी झाली नव्हती. मास्तर स्वतःच दर खेपेला अडखळत.

एकदा सभेला, मंडळ जिथे भरे त्या खोलीचे मालक बापूसाहेब ढमढेरे आले. मौलाना अत्तार बोलत होते, तोवर ते मिशांना पीळ देत बसले. मौलाना खाली बसताच बापूसाहेब गरजले, "पुरे ही बडबड! मंडळ बंद करा आणि खोली रिकामी करा!"

मास्तर हात जोडून म्हणाले, "जरूर, बापूसाहेब. फक्त नियमाप्रमाणे मौलाना काय म्हणाले, तेवढं आधी सांगा."

"त्यात काय! सगळे धर्म सारखे, सगळ्यांनी प्रेमाने राहावं!"

मौलाना संकोचून म्हणाले, "मी म्हणालो, पंखा बंद पडलाय, तेवढा दुरुस्त करून द्या."

सभा खो खो हसली. बापूसाहेब लालबुंद झाले. "तुम्हाला तरी जमतो का हा नियम?"

"कुठला जमतोय!" मास्तर म्हणाले. "जमला असता तर मंडळ कशाला हवं होतं? ज्या दिवशी जमेल, त्या दिवशी किल्ली घरी आणून देतो."

खोली राहिली. बापूसाहेबांनी पंखाही दुरुस्त करून दिला. तो आता इतका खडखडतो, की कोण काय बोललं ते कुणालाच ऐकू येत नाही. किल्लीची काळजी मास्तरांना उरलेली नाही.