चिंगीचा तास

माणसांच्या कितीतरी आधी प्राण्यांनी शाळा काढली होती, तेव्हाची ही गोष्ट. शाळा ओढ्यातच भरायची. एके दिवशी गणिताच्या तासाला चिंगी मासोळी म्हणाली, "सर, पाणी घाण येतंय. दम लागतो."

"पाणी विज्ञानात येतं," बगळेसर म्हणाले. "तू वजाबाकी कर. काल वर्गात वीस मासे होते, आज बाराच आहेत. किती गेले?"

"आठ. पण कशाने गेले, सर?"

"माझ्याकडे बघू नकोस! भूगोलात विचार."

भूगोलाचे खेकडेसर म्हणाले, "ओढा वरून येतो. वर कोल्ह्याचा रंगाचा कारखाना आहे. याहून जास्त अभ्यासक्रमात नाही." संगीताच्या बेडूकबाईंना एवढंच ठाऊक होतं, की वरच्या डोहातून हल्ली कोणी साथ देत नाही. त्यांनी वर्गाला आणखी मोठ्याने गायला सांगितलं.

गाता गाता चिंगी उताणी झाली.

तेव्हा कुठे तिघे शिक्षक एका जागी आले, आणि तिघांचं मिळून उत्तर निघालं. घंटेची वाट न बघता अख्खी शाळा कोल्ह्याच्या दारात गेली.

"पुरावा काय?" कोल्हा गुरगुरला.

बगळेसरांनी आकडा सांगितला, खेकडेसरांनी घाणीची वाट दाखवली, बेडूकबाईंनी गप्प पडलेला डोह ऐकवला. कोल्ह्याने मुकाट्याने ओढ्यात रंग सोडणारा पाट बुजवला.

पाणी निवळलं, तशी चिंगी सुलटी झाली. "सर, हा कुठल्या विषयाचा तास होता?"

बगळेसरांनी वेळापत्रक पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि ओशाळून म्हणाले, "उद्यापासून बेरीज घेऊ."