सरकारांनी उघडलेलं इंजिन

खारबंदर संस्थानच्या सरकारांनी हुकूम सोडला. यंदा नारळी पौर्णिमेला आम्ही आजोबांच्या इंजिनवाल्या होडीतूनच समुद्राला नारळ वाहणार. इंजिन लाडू तारीनं चालू करून द्यावं. नाही जमलं, तर खाडीतून माणसं ने-आण करायचा त्याचा मक्ता काढून दिवाणांच्या मेव्हण्याला द्यावा.

लाडूचं अख्खं घर त्या मक्त्यावर जेवत होतं. आणि इंजिनाची गंमत अशी की त्याला हात लावायचीच बंदी! होडीच्या मागच्या फळीवर अडकवायचं ते टू-स्ट्रोक यंत्र थोरल्या महाराजांनी, म्हणजे सरकारांच्या आजोबांनी, विलायतेहून आणलं होतं. जाताना ते बजावून गेले, की राजघराण्याबाहेरचा हात याला लागता कामा नये. मग काय, कुणाचाच लागला नाही. सरकारांना हात काळे करायची हौस नव्हती. दर दसऱ्याला भटजी लांबूनच तूप सोडायचे, अक्षता आणि झेंडू उधळायचे. इंजिन बिचारं प्रसाद खाऊन खाऊन गच्च झालं होतं.

लाडू हा थोरल्या महाराजांचा होडीवाला. ते इंजिन कसं उघडतात, कुठे काय साफ करतात, हे त्यानं बाजूला बसून पुष्कळदा बघितलेलं. पण हात न लावता दुरुस्त करायचं कसं? तो कपाळाला हात लावून बसला. त्याची मुलगी शेवंती मात्र पदर खोचून तडक दरबारात गेली.

इंजिन चालू होईल, ती म्हणाली, आम्ही बोटसुद्धा लावणार नाही. फक्त हाताखाली एक गडी हवा. वाड्यावरचाच, पण मी मागेन तो.

"दिला," सरकार म्हणाले. "भर दरबारात शब्द दिला. कोण हवाय?"

"तुम्ही, सरकार. बाह्या तेवढ्या वर करा."

दिवाणांना ठसकाच लागला. पण शब्द दिला होता, आणि तोही सगळ्यांदेखत.

मग होडीच्या शाकारलेल्या खोपटात संस्थानचे मालक उकिडवे बसले. लाडू हळूच सांगायचा आणि शेवंती ते खड्या आवाजात सरकारांना सुनवायची. प्लग काढा. घासा. असा नव्हे, दात घासता तसा घासा. पिस्टन अडकला होता, त्यावर सरकारांनी रॉकेल ओतलं आणि निम्मं स्वतःच्या मांडीवर सांडलं. कार्बोरेटर उघडला, तर आत थिजलेलं तूप, अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या.

"नैवेद्य झकास होता," शेवंती म्हणाली. "त्याला पचला नाही, एवढंच."

सरकारांच्या मिशांना ग्रीस लागलं, अंगरख्याचं पोतेरं झालं. गडी मात्र रंगात आला होता. दिवाण बोलवायला आले की खेकसायचा, दिसत नाही का कामात आहोत ते!

शेवटी पेट्रोलात तेल मिसळून टाकी भरली आणि इंजिन पाण्याच्या पिंपात उभं केलं. सरकारांनी दोरी ओढली. इंजिन नुसतं खोकलं. पुन्हा ओढली, पुन्हा खोकलं. दिवाण हसू लपवत मागे येऊन उभे राहिले. सरकारांनी दात-ओठ खाऊन एक हिसका दिला, तसं इंजिन फटफटत पेटलं आणि निळा धूर थेट दिवाणांच्या तोंडावर गेला!

पौर्णिमेला सरकारांनी स्वतः होडी हाकली, नारळ वाहिला आणि मिरवत परत आले. होडी धक्क्याला लागताच दिवाणांनी वाकून, अजून होडीतच उभ्या असलेल्या सरकारांच्या कानात काहीतरी फुंकलं. सरकारांनी भुवया चढवल्या.

"ए पोरी, प्लग आम्ही घासला. दोरी आम्ही ओढली. घाम आमचा गळला. तू तर बोटसुद्धा लावलं नाहीस. मग इंजिन तुम्ही चालू केलंत असं कसं म्हणायचं? मक्ता गेला तुमचा."

लाडूचा चेहरा पडला. शेवंतीनं मात्र धक्क्याकडे बोट दाखवलं.

"सरकार, हा धक्का कुणी बांधला?"

"आम्ही!"

"आणि ती विहीर?"

"तीही आम्हीच. पाटीवर नाव आहे आमचं."

"दगड कुणी वाहिले, सरकार?"

सरकार मिशीवरून हात फिरवू लागले.

"रोज हात आमचे असतात आणि नाव तुमचं लागतं. आम्ही कधी कुरकुर केली नाही. आज एक दिवस हात तुमचे होते, तर नाव आमचं लागू द्या की!"

सरकार असे खो खो हसले, की होडी कलंडता कलंडता राहिली. मक्ता त्यांनी तिथल्या तिथे पिढीजात करून टाकला, शेवंतीच्या नावानं. वर म्हणाले, आजपासून या इंजिनाला हात लावायचा मानही तुझा.

"मक्ता घेते, सरकार," शेवंती म्हणाली. "इंजिन तुमच्याकडेच असू द्या. इतका चांगला गडी मला कुठे मिळायचा?"