भरलेली वाटी

खूप जुनी गोष्ट आहे; इतकी जुनी, की त्या राज्याचे नावही आता कुणाला सांगता येत नाही. तिथल्या राजाने आजाऱ्यांसाठी एक मोठे शुश्रूषागृह बांधले होते. औषध फुकट, पथ्याचे जेवण फुकट, खाटा स्वच्छ.

तिथे एक नियम फार कडक होता. सेविकेने खाटेपाशी बसायचे नाही. मुलांनो, हा नियम वाईट मनाने केलेला नव्हता. पूर्वी एक सेविका दिवसभर आपल्या आत्याच्याच उशाशी बसून राहिली आणि बाकीचे आजारी पाण्यावाचून तळमळले. तेव्हा ठरले, की सर्वांना सारखेच मिळावे. घंटा झाली की प्रत्येक खाटेपाशी पेजेची वाटी ठेवायची, पुन्हा घंटा झाली की उचलायची. वाटी भरलेली राहिली, तर आजाऱ्याला भूक नाही असे समजायचे.

एकदा नदीपलीकडचा एक म्हातारा कुंभार तिथे आला. तापातून तो वाचला, पण त्याचे हात गेले. बोटे मिटेनात. ताप उतरला आहे, आता पोटात अन्न गेले की हा उठेल, असे सांगून वैद्य पुढे गेले. म्हाताऱ्याला दुसऱ्याच्या हातून भरवून घ्यायची लाज वाटे, म्हणून तो गप्प राही. वाटी यायची आणि भरलेली परत जायची.

एका नव्या सेविकेने त्याला विचारले, "बाबा, भूक नाही?"

त्याने नुसते आपले हात वर केले.

ती खाली बसली आणि त्याला भरवू लागली. एकेक घोट गिळायला त्याला वेळ लागे. पण हळूहळू चेहऱ्यावर तेज आले आणि तो थट्टाही करू लागला. "दमानं गं, पोरी. मडकं भरतेस की माणूस?"

सेविकांवर देखरेख करणाऱ्या थोरल्या बाईंनी तिला बाजूला बोलावले. त्या रागावल्या नाहीत, फक्त थकलेल्या होत्या. "तू इथे बसलीस, तेवढ्यात पलीकडच्यांना पाणी मिळाले नाही. ती कुणाचीच माणसे नाहीत का?"

आणखी माणसे नेमावीत म्हणून सेविका शुश्रूषागृहाच्या कारभाऱ्याकडे गेली. वाट्या वेळेवर पोहोचतात ना, मग हात कमी कसे, असे त्याने तिलाच विचारले. पुन्हा बसलीस तर काम जाईल, असेही बजावले.

दुसऱ्या दिवशी तिने वाटी ठेवली आणि ती वळली.

"आज बसत नाहीस का गं?"

"उद्या बसते, बाबा."

उद्या आला. ती बसली नाही. मग म्हाताऱ्याने विचारणे सोडले. तिनेही त्याच्याकडे बघणे सोडले, कारण बघितले की पाय अडत. काही दिवसांनी तो भुकेने गेला, आणि त्याच्या उशाशी पेज होती.

त्याची बायको नावेने आली. ते नीट जेवत होते का, एवढेच तिला जाणून घ्यायचे होते.

"पेज एकदाही चुकली नाही, आजी," थोरल्या बाई म्हणाल्या. ते खरेच होते.

"भरवली कुणी?"

नवी सेविका जमिनीकडे बघत राहिली. म्हातारीने नवऱ्याचे ताठ हात पदराने झाकले आणि त्याला घेऊन ती परत गेली.

ही गोष्ट गावोगाव पोहोचली. पुढे तापाची साथ आली, तेव्हा लोकांनी आपली आजारी माणसे घरातच लपवली. औषध होते, वैद्य चांगले होते, पण तिथे कुणी येईना. बरी होऊ शकणारी कितीतरी माणसे घराघरांत मेली. ओस पडलेल्या खाटा पाहून कारभाऱ्याने राजाला कळवले, की राज्यातला आजारच संपला आहे. राजाला आनंद झाला. नव्या सेविकेला खरे ठाऊक होते, पण आता तिला विचारणारे कुणी नव्हते.

तात्पर्य: आजाऱ्यापाशी थांबायला माणूस नसेल, तर उशाशी ठेवलेले अन्नही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.