दुसऱ्या पानाचा रस

प्रयोगशाळेतला फ्रीज अजून कुरकुरत नव्हता, तेव्हाची गोष्ट. त्यात अँटिबॉडीच्या दोन कुप्या शेजारी राहत. थोरली भाताच्या पानातली कितीतरी प्रोटीनं ओळखे, धाकटी फक्त एकच. तरी ते एक शोधायला संशोधक हेमांगीताई धाकटीलाच बाहेर काढत आणि थोरलीचा जळफळाट होई.

"ते तर मीही ओळखते. हिचा एवढा तोरा कशाला?"

एकदा ताईंनी दोघींचे थेंब दोन पानांच्या रसात टाकले. ओळख पटली की थेंब उजळे. पहिल्या रसात ते प्रोटीन होतं, दोघी उजळल्या. दुसऱ्यात ते नव्हतंच. धाकटी गप्प राहिली. आता हिला हरवलंच, असं वाटून थोरली तिथली इतर प्रोटीनं ओळखून आणखीच लखलखली.

"हिला 'नाही' म्हणता येतं," धाकटीला उचलत ताई म्हणाल्या.

मागच्या कप्प्यात सरकवलेली थोरली पुटपुटली, "आता गप्प बसण्याचंही कौतुक."